अमेरिकन ११७ व्होल्टचा रेडिओ आणि ६० सायकलचा रेकॉर्ड प्लेअर पुण्यातल्या विजेवर: नुसता स्टेप-डाऊन पुरेल का?

शनिपारकर
नमस्कार मंडळी. तीन जुन्या वस्तू आहेत, शोभेला ठेवायच्या नाहीत, वाजवायच्या आहेत.

पहिली, बेकेलाइटचा छोटा अमेरिकन टेबल रेडिओ. मागच्या लेबलवर १०५-१२५ व्होल्ट, एसी/डीसी, ३० वॅट. व्हॉल्व्ह १२एसए७, १२एसके७, १२एसक्यू७, ५०एल६, ३५झेड५. आत ट्रान्सफॉर्मर कुठेच दिसत नाही.

दुसरी, पेटीतला रेकॉर्ड प्लेअर, तोही अमेरिकन. ११७ व्होल्ट, ६० सायकल (हर्ट्झ), तीन स्पीड. मोटरला ब्रश नाहीत. रबरी चाक टर्नटेबलच्या कडेला आतून घासून फिरवतं.

तिसरी, मोठा लाकडी रेडिओ, ट्रान्सफॉर्मरवाला. ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८०. मागे व्होल्टेजची चकती आहे : ११०, १२५, १४५, २००, २२०, २४५. सध्या २२० वर आहे.

घरातलं व्होल्टेज मीटरवर दुपारी २२८ आणि रात्री ११ नंतर २४६ दिसतं. तपकीर गल्लीत २३० चे ११० करणारा स्टेप-डाऊन सहज मिळतो, तो घेतला की पहिल्या दोघांचं काम भागेल का? तिसऱ्याला स्टॅबिलायझर लावावा का? रेकॉर्ड इथे हळू फिरेल असंही ऐकलं. तिन्ही अजून प्लगला लावलेल्या नाहीत.

---

गरमचॅसी
लावल्या नाहीत हे उत्तम केलंत. मी फक्त पहिल्या रेडिओबद्दल लिहितो, कारण तिघांत सगळ्यात धोकादायक तोच आहे.

पाचही व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) एकामागोमाग जोडलेले असतात, गणपतीच्या दिव्यांच्या माळेसारखे. १२.६ चे तीन, ५० चा एक आणि ३५ चा एक, बेरीज साधारण १२३ व्होल्ट, करंट ०.१५ अँपिअर. म्हणून ट्रान्सफॉर्मरची गरजच पडत नाही. पण त्याची किंमत अशी, की मेन्सची एक तार थेट चॅसीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला (किंवा चॅसीपासून एका कंडेन्सरवर असलेल्या कॉमन लाईनला) जाते. प्लग उलटा बसला की चॅसीवर फेज. त्यातही बऱ्याच सेटमध्ये ऑन-ऑफचा स्विच चॅसीकडच्या तारेत असतो. अशा वेळी रेडिओ चालू असताना चॅसी न्यूट्रलवर असते, आणि बंद केला की हीटरच्या माळेतून फेज चॅसीवर येतो. म्हणजे बंद रेडिओच शॉक देतो. नॉब निघालेला असेल तर शाफ्टला हात लावून बघायला जाऊ नका.

आता स्टेप-डाऊन. बाजारातले बहुतेक स्वस्त ११० व्होल्टचे डबे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, एकच वाइंडिंग आणि मधे टॅप. व्होल्टेज बरोबर येतं पण मेन्सपासून सुटका होत नाही. ओळखायचं कसं? डब्याचा प्लग बोर्डातून काढून ठेवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावून इनपुटची एक पिन ते आउटपुटची एक पिन असं चारही जोड्यांत तपासा. कुठेही काही ओहम दाखवले तर तो ऑटो. चारही जोड्या पूर्ण ओपन असतील तर आयसोलेशनवाला, म्हणजे दोन पूर्ण वेगळ्या वाइंडिंगचा.

पैसे घालायचेच असतील तर आयसोलेशनवर घाला. वाइंडिंगवाल्याला स्पष्ट सांगा : प्रायमरी (मेन्सकडची) ०-२३०-२५०, सेकंडरी (रेडिओकडची) ०-११०-११७, १०० व्हीए, तांब्याची तार, प्रायमरी-सेकंडरी वेगळ्या कप्प्यांच्या बॉबिनवर. ३० वॅटच्या रेडिओला १०० कशाला, असं तो विचारेल. कारण ३५झेड५ अर्धीच लाट खेचतो. त्यामुळे सेकंडरीतून साधारण ७० मिलिअँपिअरचा डीसी वाहतो आणि कोअर एका बाजूला चुंबकत राहतो. बरोब्बर ३० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर इथे गुरगुरतो आणि तापतो.

एक योगायोग तुमच्या फायद्याचा आहे. २३०:११० च्या ट्रान्सफॉर्मरवर तुमचे रात्रीचे २४६ म्हणजे ११७.७ व्होल्ट, दुपारचे २२८ म्हणजे १०९. दोन्ही लेबलच्या मर्यादेत. या रेडिओला स्टॅबिलायझरची काही गरज नाही.

आयसोलेशननंतर सेकंडरीची कुठलीही तार किंवा चॅसी अर्थिंगला जोडू नका, नाहीतर सगळा खटाटोप वाया. आणि हे लक्षात ठेवा की घरातली ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) सेकंडरीकडच्या गडबडीला आंधळी असते. त्यामुळे मागचं पुठ्ठ्याचं झाकण हवंच, आणि नॉबच्या स्क्रूची भोकं मेणाने बुजवा.

प्रवासात हेअर ड्रायरसाठी मिळणारे तळहाताएवढे हलके ‘कन्व्हर्टर’ तर अजिबात नकोत. ते लाट कापून व्होल्टेज कमी दाखवतात, पीक (लाटेचा शेंडा) जवळपास तसाच राहतो.

लावण्याआधी एवढं करा :

प्लगच्या दोन पिनांमध्ये, स्विच ऑन ठेवून, रेझिस्टन्स मोजा. थंड माळ शंभर-दीडशे ओहमच्या आसपास यावी. ओपन आली तर एखादा हीटर गेलाय. ५०एल६ आणि ३५झेड५ दोन्हींचे हीटर पिन २ आणि ७ वर आहेत, तिथून सुरुवात करा.

डायलचा बल्ब (४७ नंबर, ६.३ व्होल्ट ०.१५ अँपिअर) चालू आहे ना ते बघा. तो ३५झेड५ च्या पिन २ आणि ३ मधल्या टॅपवर असतो. बल्ब गेलेला असताना रेडिओ वाजवला की सगळा एचटी (व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजचा) करंट हीटरच्या त्या तुकड्यातून जातो आणि थोड्या दिवसांत ३५झेड५ उडतो. पाच-दहा रुपयांच्या आळसापायी व्हॉल्व्ह घालवायचा नाही.

मेन्सच्या दोन तारांमधला मेणाचा कागदी कंडेन्सर काढून एक्स२ जातीचा (थेट मेन्सवर राहायला बनवलेला) ०.०४७ किंवा ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसीचा घाला. साधा ४०० व्होल्ट डीसीचा तिथे चालत नाही. मोठे इलेक्ट्रोलिटिक १५० व्होल्टचे असतील. त्याच किमतीच्या जवळचे, २०० किंवा २५० व्होल्टचे, १०५ डिग्रीचे बसवा. हमिंग कमी होईल म्हणून मायक्रोफॅरड दुप्पट करू नका, रेक्टिफायरच्या कॅथोडवर ताण येतो.

---

झटपट_जुगाड
एवढा खर्च कशाला राव. एक १एन४००७ डायोड सिरीजमध्ये टाका, अर्धी लाट गेली की २३० चे ११५ होतात. हीटर काय, रेडिओ काय, सगळं चालतं.

---

गरमचॅसी
होत नाहीत. अर्धी लाट गेली की पॉवर निम्मी होते, आरएमएस (उष्णतेच्या हिशोबाचं परिणामी) व्होल्टेज निम्मं होत नाही. २३० भागिले १.४१४, म्हणजे १६३ व्होल्ट. १२३ व्होल्टच्या माळेला १६३ दिले तर हीटर किती टिकतील याचा हिशोब सोपा आहे. शिवाय पीक ३२५ व्होल्टचा तसाच राहतो. तो ३५झेड५ मधून थेट १५० व्होल्टच्या कंडेन्सरवर जातो आणि कंडेन्सर फुटतो.

हाच डायोड ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला किंवा मोटरला लावला तर आणखी वाईट. वाइंडिंगमध्ये डीसी गेला की कोअर सॅच्युरेट होतो आणि प्रायमरी जळते. डायोड इथे विसरा.

सिरीज रेझिस्टन्सचंही तेच. दोनशेच्या वरच्या भागांत जुने एसी/डीसी सेट तसे चालायचे, पण ते त्या हिशोबाने बांधलेले असत : यूसीएच४२ (हीटर १४ व्होल्ट), यूएफ४१ (१२.६), यूबीसी४१ (१४), यूएल४१ (४५), यूवाय४१ (३१), बेरीज ११६.६ व्होल्ट, करंट ०.१ अँपिअर. २३० साठी उरलेले ११३ व्होल्ट सुमारे ११३४ ओहमच्या ड्रॉपरवर (जादा व्होल्टेज खाणाऱ्या रेझिस्टन्सवर), ११ वॅटची उष्णता. असा सेट कुणाकडे असेल तर ड्रॉपरच्या वर हवा जायला जागा ठेवा, बाकी तो २३० वर तसाच चालतो. चॅसी मात्र याचीही जिवंतच.

काही सेटमध्ये हा ड्रॉपर मेन्सच्या वायरमध्येच असतो. जाड, कापडी, चालू असताना कोमट लागणारी वायर. ती लांब वाटते म्हणून कापली की हीटरचं व्होल्टेज वाढलंच. आत ॲस्बेस्टॉसचा थर असू शकतो, सोलत बसू नका.

---

अठ्ठ्याहत्तर
रेकॉर्ड प्लेअरचं मी सांगतो. इथे व्होल्टेज हा दुय्यम प्रश्न आहे, खरा प्रश्न सायकलचा.

बिनब्रशची इंडक्शन मोटर फ्रीक्वेन्सीप्रमाणे फिरते. आपल्या विजेवर ६० ची ५० झाली की स्पीड पाच-षष्ठांश. ७८ ची रेकॉर्ड ६५ ने, ४५ ची ३७.५ ने, ३३ ची (खरं तर ३३⅓) सुमारे २७.८ ने फिरेल. गायक एकदम दमल्यासारखा वाटेल आणि सूर तीन पट्ट्या खाली. स्टेप-डाऊनने यात काडीचा फरक पडत नाही.

दुसरी भानगड, ६० साठी केलेल्या मोटरला ५० वर तेवढंच व्होल्टेज दिलं की ती जास्त करंट खेचते आणि तापते. व्होल्ट भागिले सायकल हे गुणोत्तर सारखं ठेवायचं. ११७ भागिले ६० म्हणजे १.९५, गुणिले ५० म्हणजे ९७.५. म्हणून ५० सायकलवर या मोटरला १०० व्होल्टच्या आसपास द्या, ११७ नको.

त्याआधी एक गोष्ट तपासा. काही स्वस्त अमेरिकन पेट्यांमध्ये मोटरचं वाइंडिंग व्हॉल्व्हच्या हीटरशी सिरीजमध्ये असतं, मोटरच ड्रॉपरचं काम करते. मोटरच्या दोन्ही तारा कुठे जातात ते बोटाने माग काढत बघा. एक तार व्हॉल्व्हच्या सॉकेटला गेली असेल तर मोटर वेगळी काढून तिला वेगळं व्होल्टेज देता येणार नाही. शिवाय ५० वर वाइंडिंगचा अडथळा कमी होतो आणि हीटरला जास्त करंट जातो. अशा पेटीला खरी ६० सायकलच हवी.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत.

पहिला, पुली बदलणं. मोटरच्या शाफ्टवर तीन पायऱ्यांची पुली असते. प्रत्येक पायरीचा व्यास १.२ पट करायचा. समजा ७८ ची पायरी ६.०० मिमी आहे, तर ७.२० हवी. ३३ ची २.५६ असेल तर ३.०७. व्हर्नियर नको, मायक्रोमीटरने मोजा. भोसरीकडच्या एखाद्या लेथवाल्याकडून पितळेची नवी पुली करून घ्या आणि त्याला आधीच बजावा की तिन्ही पायऱ्या भोकाशी एकाच सेटिंगमध्ये टर्न करायच्या, जॉब काढून परत धरायचा नाही. रनआऊट (फिरताना पुलीचं डुगडुगणं) ०.०२ मिमीच्या आत आला तर ठीक, नाहीतर ३३ वर सूर लाटांसारखा हलतो. हीट-श्रिंक नळी चढवून व्यास वाढवायची युक्ती सगळीकडे दिसते. ७८ पुरती चालून जाते, ३३ वर ऐकवत नाही, कारण नळीची जाडी सगळीकडे सारखी बसत नाही.

दुसरा, ६० सायकल तयार करणं. १२ व्होल्ट डीसीवर चालणारा, ११० व्होल्ट ६० सायकलचा प्युअर साइन इन्व्हर्टर मिळतो. १५० वॅटचा पुष्कळ झाला. व्होल्टेज आणि सायकल दोन्ही एकदम सुटतात, मूळ पुलीला हात लागत नाही, आणि हीटर सिरीजवाल्या पेटीला तर हाच इलाज. ‘मॉडिफाइड साइन’ लिहिलेला घेऊ नका, मोटर भुणभुणते आणि ती भुणभुण पिकअपमधून स्पीकरवर येते. त्याचं आउटपुट अर्थपासून सुटं असेलच असं धरू नका. टर्नटेबलचा पत्रा आणि पिकअपची शील्ड बहुधा चॅसीशी जोडलेली असते, म्हणजे सुई बदलताना हात थेट तिथेच. सुई बदलायची तर प्लग काढून.

मी स्वतः दुसरा रस्ता निवडीन. पुली नीट करणारा लेथवाला शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात इन्व्हर्टर येतो.

स्पीड तपासायची स्ट्रोबची चकती (दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसल्या की स्पीड बरोबर) ५० सायकलची घ्या : ७८ साठी ७७ रेघा (त्यातून ७७.९२ येतात), ३३ साठी १८० रेघा. अमेरिकन चकतीवर ७८ साठी ९२ रेघा असतात, ती इथल्या दिव्याखाली खोटं सांगेल. आणि ऐका, इन्व्हर्टरवर प्लेअर चालवलात तरी दिवा भिंतीतल्या विजेवर असेल तर चकती ५० चीच लागते. दिवा एलईडी नको, चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडीत रेघा थांबत नाहीत. बोर्डातल्या निऑन इंडिकेटरसारखा छोटा निऑन सगळ्यात उत्तम.

स्पीड तरीही कमी आला तर वीज सोडून यंत्राकडे बघा. मोटरच्या बुशमधलं जुनं ग्रीस डिंकासारखं झालेलं असतं. शाफ्ट काढून पुसा, फेल्ट वॉशर धुवा आणि शिलाई मशिनचं तेल दोन थेंब. रबरी चाकाची कड आयसोप्रोपिलने पुसा. रबर कडक, चकचकीत झालं असेल तर नुसतं पुसून भागत नाही, नवं रबर चढवावं लागतं. प्लेअर बंद करताना स्पीडचा दांडा न्यूट्रलवर न्या, नाहीतर चाकाला एका जागी खळगा पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ ऐकू येतं.

१९२०-३० मधल्या ब्रशवाल्या, गव्हर्नर असलेल्या मोटरांना हे सगळं लागू नाही. त्या ५०, ६०, डीसी कशावरही सारख्याच फिरतात, फक्त व्होल्टेज जुळवायचं. प्रश्नकर्त्यांकडे तशी नाही, दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून लिहिलं.

---

तांब्याचीतार
लाकडी रेडिओ. स्टॅबिलायझर नको. रिलेवाले स्टॅबिलायझर दहा-पंधरा व्होल्टच्या उड्या मारतात आणि प्रत्येक उडीला स्पीकरमध्ये ‘टक्’. तुमच्याकडे त्याहून चांगली सोय आधीच आहे. प्लग काढा आणि चकती २४५ वर फिरवा.

हिशोब बघा. २२० च्या टॅपवर २४६ आले की ६.३ चा हीटर ७.०४ वर जातो, अकरा-बारा टक्के जास्त. एचटीही त्याच प्रमाणात वाढतं. २४५ च्या टॅपवर रात्री ६.३३ आणि दुपारी ५.८६. हीटर दहा टक्के कमी-जास्त सहन करतात, म्हणजे ५.७ ते ६.९. दोन्ही वेळा आत बसलात. फुकटात काम झालं.

ज्यांच्या सेटला फक्त २२० आहे त्यांनी १२ व्होल्ट १ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्याची प्रायमरी मेन्सवर, सेकंडरी रेडिओच्या फेजच्या तारेत सिरीजमध्ये. २४६ चे २३४ होतात. जर २५८ दिसले तर सेकंडरीच्या दोन तारा अदलाबदल करा. आधी मीटर, मग रेडिओ. ५० वॅटचा सेट ०.२२ अँपिअरच खेचतो, तेव्हा मोठा ट्रान्सफॉर्मर नको. पुढे ५०० मिलिअँपिअरचा स्लो फ्यूज.

सुरुवात कशी करायची तर सिरीज बोर्डवर. ६० वॅटचा तारेचा बल्ब रेडिओशी सिरीजमध्ये, एलईडी इथे निरुपयोगी. पहिल्यांदा सगळे व्हॉल्व्ह काढून (हा सेट समांतर हीटरचा आहे म्हणून चालतं, बेकेलाइटवाल्यात हे करू नका) नुसता ट्रान्सफॉर्मर तासभर ठेवा. बल्ब जेमतेम लालसर किंवा विझलेला, ट्रान्सफॉर्मर फार तर कोमट. बल्ब प्रखर राहिला तर वाइंडिंगमध्ये शॉर्ट आहे, तिथेच थांबा. पावसाळ्यात माळ्यावर राहिलेला सेट असेल तर त्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) प्रायमरी ते चॅसी बघा, दहा मेगओमच्या वर हवं.

मग ईझेड८० सोडून बाकीचे व्हॉल्व्ह, आणि शेवटी ईझेड८०. तो घातल्यावर पंधरा-वीस सेकंदांनी बल्ब पुन्हा थोडा उजळतो, ते एचटी सुरू झाल्याचं लक्षण. उजळून मंद झाला तर छान, उजळलेलाच राहिला तर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बाद झालाय.

इलेक्ट्रोलिटिक बदलताना ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. ईझेड८० ला पहिला कंडेन्सर ५० च्या वर चालत नाही. डब्याखाली कागदी किंवा पॅक्सोलिनचं वॉशर असेल तर सावध : निगेटिव्ह टोक चॅसीला नाही, मधे बायसचा (व्हॉल्व्हचा करंट बेतात ठेवणाऱ्या व्होल्टेजचा) रेझिस्टन्स आहे. नव्या कंडेन्सरचं निगेटिव्ह सवयीने चॅसीला जोडलं की बायस गेला.

आणि एकच कंडेन्सर बदलायचा असेल तर तो ईएल८४ च्या ग्रिडवरचा, पिन २ ला जाणारा, बहुधा ०.०१ किंवा ०.०२२. जुना कागदी असेल तर गळतोच, म्हणजे डीसी पुढे जाऊ देतो. ईएल८४ काढून, सेट चालू ठेवून, पिन २ च्या जागी मीटर लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त पॉझिटिव्ह दिसलं तर बाद. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घाला. व्हॉल्व्ह परत घालून पिन ३ वर मोजा. १३५ ओहमचा कॅथोड रेझिस्टन्स असेल तर ७ ते ७.५ व्होल्ट यावेत. दहा-अकरा आले तर अजून काहीतरी गळतंय, आणि अंधारात प्लेट लाल दिसेल.

मोजमाप झालं की प्लग काढून १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टन्स एचटीवर काही सेकंद धरा, मगच हात.

या रेडिओची चॅसी अर्थिंगला जोडता येते, जोडाच. जुनी पिळाची कापडी वायर काढून तीन तारांची घाला.

---

शनिपारकर
सर्वांचे आभार. मोटरची तार बघितली, एक खरोखर व्हॉल्व्हच्या सॉकेटला गेली आहे, म्हणजे इन्व्हर्टरच. लाकडी रेडिओ चकती फिरवून सिरीज बोर्डवर लावला, बल्ब मंद झाला, पिन २ वर १.८ व्होल्ट आले. कंडेन्सर बदलतो. पण मीडियम वेव्हवर नुसती भर्रर आहे, स्टेशन मागे कुठेतरी. हे पण कंडेन्सरमुळेच?

---

तांब्याचीतार
१.८ म्हणजे फारच गळतोय, बदलेपर्यंत वाजवू नका. एचटी मोजायची असेल तर ईएल८४ बाहेर ठेवून.

भर्रर बहुधा बाहेरची आहे. सेलवरचा ट्रान्झिस्टर ७९२ किलोहर्ट्झला लावा (पुणे आकाशवाणी, तुमच्या डायलवर मीटर लिहिले असतील तर ३७९ च्या जवळ) आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज गेला तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. बहुतेक वेळा एलईडी ट्यूबचा ड्रायव्हर, स्वस्त मोबाइल चार्जर किंवा वाय-फायचा अडॅप्टर निघतो. मेन बंद करूनही राहिला तर शेजाऱ्यांचा किंवा जिन्यातल्या दिव्याचा.

एरियल म्हणून खोलीत मीटरभर वायर लोंबत असेल तर ती घरातल्या वायरिंगचाच आवाज गोळा करते. गच्चीवर किंवा गॅलरीबाहेर आठ-दहा मीटर तार न्या आणि खाली आणताना बोर्डांपासून लांब ठेवा.

---

गरमचॅसी
फक्त बेकेलाइटवाल्याला बाहेरचं एरियल जोडताना, एरियलच्या सॉकेटमागचा छोटा कंडेन्सर आधी बदला, वाय२ जातीचा (शॉर्ट न होण्याच्या हिशोबाने बनवलेला), मूळ किमतीचाच. तो शॉर्ट झाला तर चॅसीवरचं सगळं गच्चीवरच्या तारेवर येतं, आणि त्याच तारेवर कुणीतरी कपडे वाळत घालतं.